फूल जवळ, समुद्र मागे: किनाऱ्यावरच्या रानफुलांचे फोटो काढताना

समुद्रकाठी फुललेली रानफुलं दिसली की हात आपसूक कॅमेऱ्याकडे जातो. उभ्याउभ्या पाच-सहा फोटो निघतात आणि घरी येऊन पाहिले की मन खट्टू होतं. खाली जांभळे ठिपके, वर फिकट आकाश आणि मध्ये वाळूचा नाहीतर गवताचा भलामोठा रिकामा पट्टा. जागेवर जे बघून पाय थबकले होते ते फोटोत कुठेच सापडत नाही.

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, आणि त्याला कारण आहे. तिथे उभे असताना आपली नजर फुलावरून थेट लाटेवर उडी मारते. मधला पट्टा डोळ्यांसमोर असतो, पण मन त्याची दखल घेत नाही. कॅमेरा मात्र तो इमानेइतबारे टिपतो. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते: फूल आणि पाणी यांच्यामधल्या जागेकडे बघायला शिका. कुठे बसायचं, कॅमेरा किती उंचीवर धरायचा, कुठली लेन्स लावायची, एडिटिंगमध्ये काय उजळायचं आणि काय मागे सारायचं, हे सगळे निर्णय फिरूनफिरून त्या मधल्या जागेपाशीच येतात.

निघण्याआधी: भरती, वारा आणि फुलाची वेळ

पहिली पायरी घरी बसूनच करायची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊणएक तास, नेमकं सांगायचं तर सुमारे ५० मिनिटं, पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो.

फोटोसाठी याचा उपयोग सरळ आहे. ओहोटीला पाणी फुलांपासून लांब जातं आणि तो नको असलेला मधला पट्टा आणखी रुंद होतो. भरती चढत असताना लाटा फुलांच्या जवळ येतात आणि पट्टा आपोआप अरुंद होतो. मी शक्यतो भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी जागेवर असते. एक धोका मात्र ध्यानात ठेवा: पाणी एकाच वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढण्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सगळ्यात झपाट्याने वाढतं, एकूण चढापैकी जवळजवळ निम्मं त्या दोन तासांत. खडकाळ किनाऱ्यावर परतीची वाट बंद होण्याची भीती तेव्हाच जास्त. परतीची वाट आधी ठरवायची, मग ट्रायपॉड उघडायचा.

दुसरा वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे कामी येतात. दिवसा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि दुपारी त्यांचा जोर असतो. रात्री जमीन पाण्याहून लवकर थंड होते, म्हणून वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पहाटे मतलई वारा मंदावलेला असतो आणि खारा वारा सुरू व्हायचा असतो. या अधल्यामधल्या वेळात फुलांचे देठ स्थिर उभे असतात. शिवाय वारा पाठीमागून येत असल्यामुळे लेन्सवर खारे तुषार उडत नाहीत. मोठं वादळ किंवा पावसाळी वारे नसतील तेव्हा हा हिशोब बराचसा बरोबर उतरतो.

तिसरी गोष्ट फुलाची स्वतःची वेळ, आणि नेमकी हीच बहुतेक जण विसरतात. मर्यादवेल घ्या. उष्ण प्रदेशातल्या पुळणींवर जगभर दिसणारी ही वेल, कारण तिच्या बिया खाऱ्या पाण्यावर तरंगत दूरदूर जातात. तिची फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत कोमेजतात. कॅलिफोर्निया पॉपीची केशरी फुलं ऊन असेल तर उघडतात, रात्री आणि थंड, ढगाळ हवेत मिटून घेतात. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यांवरच्या थ्रिफ्टचे गुलाबी गेंद मात्र संध्याकाळीही उघडे मिळतात. किनाऱ्याचं तोंड पश्चिमेला असेल आणि तुम्हाला मर्यादवेलीमागे समुद्रात बुडणारा सूर्य हवा असेल, तर तो फोटो जवळजवळ मिळणारच नाही. सूर्य पाण्याजवळ येईस्तोवर फुलं गेलेली असतात. अशा किनाऱ्यावर सकाळीच जायचं आणि जमिनीवरून येणाऱ्या उन्हात काम करायचं, हे आधीच ठरवलेलं बरं.

सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. मिररलेस किंवा डीएसएलआर असेल तर १६ ते ३५ मिलिमीटरच्या आसपासची वाइड लेन्स आणि एक ७० ते २०० मिलिमीटरची झूम. जमिनीलगत बसवता येणारा ट्रायपॉड, म्हणजे मधला दांडा नसलेला किंवा काढता येणारा. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर. दोन मऊ कापडं, त्यातलं एक गोड्या पाण्याने किंचित ओलं. वाळूचा कण असलेली काच कोरड्या कापडाने पुसली तर ओरखडा पडणारच, म्हणून आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग ओल्या कापडाने मीठ विरघळवा, मग कोरडं कापड फिरवा. पुळणीवर लेन्स बदलायचं टाळा. बसायला एखादं जाड प्लास्टिक घ्या, कारण बराच वेळ गुडघ्यांवर किंवा पोटावर जाणार आहे.

जागेवर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

कॅमेरा पिशवीतच राहू द्या. ताटव्याभोवती सावकाश एक फेरी मारा, पण पाऊल फक्त उघड्या वाळूवर किंवा खडकावर ठेवा. किनाऱ्यावरच्या या वेली आणि गवतंच वाळू धरून ठेवतात; मर्यादवेलीच्या लांब फांद्यांना पेरापेरावर मुळं फुटतात आणि त्यांच्या जाळ्यात वाळू अडकते. एका फोटोसाठी ताटव्यातून चालत गेलं तर मोडलेली वेल पुढच्या माणसाच्या फोटोत दिसते आणि वाळू सुटते ते वेगळंच. फूल तोडून हव्या त्या जागी रोवून फोटो काढणारेही मी पाहिले आहेत. तसं कृपा करून करू नका.

फेरी मारताना दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, ताटव्यात पुढे येऊन उभं असलेलं एखादं फूल किंवा तीन-चार फुलांचा घोस, ज्याला बाकीच्यांपासून थोडं अंतर आहे. शंभर फुलं सारखीच असली की नजर कुठेच टेकत नाही. दुसरी, त्या फुलापासून पाण्यापर्यंत नजर नेणारी एखादी वाट: वाळूवर पसरलेली वेलीची फांदी, वाऱ्याने उमटलेल्या वाळूच्या लहरी, खडकातली भेग, ओसरत्या लाटेची वळणदार रेघ. अशी वाट सापडली की मधला पट्टा रिकामा राहत नाही. तोच फोटोचा पूल होतो.

कॅमेऱ्याची उंची

इथे थोडं थांबून सांगते, कारण माझ्या मते निम्मा फोटो या एका निर्णयात आहे.

उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून फूल बघितलं तर त्याच्यामागे वाळू दिसते. कॅमेरा खाली न्याल तसं फूल फ्रेममध्ये वर चढतं आणि मागचा मधला पट्टा मिटत जातो. अगदी जमिनीलगत गेलात तर फूल क्षितिजाच्या वर जाऊन आकाशात उभं राहतं आणि समुद्र त्याच्या देठामागे एक पातळ रेघ होऊन उरतो. म्हणजे उंची बदलली की फूल आणि समुद्र यांचं नातंच बदलतं. कमरेएवढ्या उंचीवरून ताटव्याचा विस्तार दिसतो, गुडघ्याएवढ्या उंचीवरून फुलं आणि लाटा एकमेकांजवळ येतात, वीतभर उंचीवरून एकच फूल राजासारखं उभं राहतं.

नव्याने शिकताना एक सराव करा. एकाच फुलासमोर बसा, फोकल लेंग्थ (लेन्सचा मिलिमीटरचा आकडा) बदलू नका आणि कॅमेरा छातीपासून जमिनीपर्यंत वीत-वीत खाली नेत सात-आठ फोटो काढा. घरी शेजारी शेजारी ठेवून बघा. दहा लेख वाचून कळणार नाही ते एका सकाळी कळेल.

उंची ठरवताना क्षितिजावर नजर ठेवा. समुद्राची रेघ फुलाच्या बरोबर मध्यातून गेली तर फूल कापल्यासारखं दिसतं. ती फुलाच्या वर तरी असावी, नाहीतर देठाच्या मागे. दोन बोटं वर-खाली केल्यानेही हे सुटतं. मागचा खडक किंवा कडा फुलाच्या मागे लपत असेल तर डावी-उजवीकडे सरका. फूल आणि कडा यांच्यात थोडी मोकळी जागा सुटली की दोघांनाही आपापला आकार मिळतो.

मर्यादवेलीचं एक उदाहरण देते. एका पहाटे वाळूच्या उतारावर एक फांदी पाण्याच्या दिशेने गेली होती आणि तिच्या टोकापासून हातभर अलीकडे एकच फूल उमललं होतं. गुलाबी-जांभळं नरसाळं, आत गळ्याशी गडद रंग. आपट्यासारखी दुभंगलेली पानं दवाने ओली, त्यांच्या काठावर वाळूचे कण चिकटलेले. पहिला फोटो बसून काढला, छातीच्या उंचीवरून. फूल सुंदर, पण त्याच्यामागे तीन हात वाळू आणि मग समुद्र. कॅमेरा जमिनीपासून वीतभर आणला तर वाळू नाहीशी झाली, पण फांदीही आडवी पडून दिसेनाशी झाली आणि फूल अधांतरी लटकू लागलं. शेवटी गुडघ्याच्या थोडं खाली कॅमेरा ठेवला. फांदी तिरकी पाण्याकडे जाताना दिसत होती, वाळू फक्त तिच्या दोन्ही बाजूंना होती आणि ओसरत्या लाटेचा फेस फांदीच्या टोकाशी येऊन थांबत होता. हे सापडायला वीसएक मिनिटं लागली, फोटोला एक सेकंदही नाही.

वाइड की टेली

वाइड लेन्सने जवळचं मोठं आणि लांबचं छोटं होतं. म्हणून तिच्यासोबत फुलाच्या खरंच जवळ जावं लागतं, हातभर अंतरावर किंवा त्याहून कमी. लांबूनच वाइड लेन्स वापरली तर फुलंही छोटी, डोंगरही छोटा, आणि मधला पट्टा तेवढा मोठा.

टेली लेन्स, म्हणजे ती ७० ते २०० ची झूम, याच्या उलट काम करते. पन्नास पावलं मागे जाऊन १५० किंवा २०० मिलिमीटरने बघितलं तर फुलांचा ताटवा आणि मागची लाट एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, मधला पट्टा आवळला जातो. ज्या किनाऱ्यावर फुलांच्या जवळ जायची सोय नाही, किंवा जाऊ नये असं कुंपण आहे, तिथे हाच मार्ग. माझ्या मते नवे लोक टेली लेन्सला उगाच दूर ठेवतात.

फोकस: जवळपासून क्षितिजापर्यंत

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या काही छायाचित्रकारांनी एक गट काढला आणि त्याचं नावच ठेवलं ‘एफ/६४’. मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर लेन्सचं एवढं लहान छिद्र (एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) वापरलं की पायाखालच्या दगडापासून डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं, हा त्यामागचा आग्रह. आजच्या लहान सेन्सरवर मात्र तसं करून चालत नाही. छिद्र फार लहान केलं तर प्रकाश त्याच्या कडांवर पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो. त्यामुळे एफ/११ पासून सुरुवात करा, गरज पडली तर एफ/१६, त्यापुढे जाऊ नका.

मग फोकस कुठे करायचा? फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर आणि एफ/११ असेल, तर सुमारे ८० सेंटिमीटरवर फोकस केल्यास साधारण ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारण्याजोगं रेखीव येतं. २४ मिलिमीटरला हेच अंतर सुमारे पावणेदोन मीटर होतं आणि जवळची हद्द ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते. आकडे पाठ नाही झाले तरी हरकत नाही. फुलाच्या थोडं मागे, फूल आणि लेन्स यांच्यातल्या अंतराच्या साधारण दुप्पट अंतरावर फोकस करा, मग स्क्रीनवर मोठं करून फूल आणि क्षितिज दोन्ही तपासा.

फूल याहून जवळ असेल तर दोन किंवा तीन फोटो काढून जोडावे लागतात: एक फुलावर फोकस करून, एक मधल्या भागावर, एक लांबवर. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर हवं. हे जोडणं सॉफ्टवेअरवर पूर्ण सोडलं तर हललेल्या लाटा एकमेकींत मिसळून विचित्र दिसतात. मी ते हाताने करते, लेयर मास्क लावून, म्हणजे प्रत्येक फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवून: फूल आणि जवळची वाळू पहिल्या फोटोतली, पाणी आणि आकाश दुसऱ्यातलं. सांधा वाळूवर घ्यायचा, पाण्यावर नाही.

फूल कधीही मऊ येऊ देऊ नका. लांबचा कडा थोडा धूसर चालतो, नजर त्याला माफ करते.

वारा हलवतो, पाणी वाहतं

फुलाला कमी वेळ हवा आणि पाण्याला जास्त, ही या फोटोंमधली खरी ओढाताण आहे. जवळचं फूल मंद वाऱ्यातही हलतं, त्याला १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० झाला तरी घाबरू नका. थोडा दाणेदारपणा निघून जातो, हललेलं फूल मात्र परत मिळत नाही. वारा एकसारखा नसतो, झुळुका येतात आणि मधेच सगळं स्तब्ध होतं. त्या क्षणाची वाट बघत बोट शटरवर ठेवून बसायचं.

लाटेची रेघ हवी असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद पुरे. लाट ओसरताना काढा, चढताना नाही. ओसरत्या फेसाच्या रेघा पाण्याकडे जातात आणि नजरेला सोबत नेतात. भर उजेडात एवढं शटर मिळण्यासाठी एनडी फिल्टर लागतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट; सहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश ६४ पटीने कमी करतो, म्हणजे १/६० चं शटर साधारण एक सेकंदावर येतं. तीस सेकंदांची धुक्यासारखी पाणचादर मला या विषयात आवडत नाही. लाटेचा आकार गेला की समुद्राचा स्वभाव जातो आणि फुलामागे नुसती पांढुरकी पट्टी उरते.

आता फूल स्थिर आणि पाणी वाहतं, दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर पुन्हा दोन फोटो: एक वेगवान शटरचा, एक संथ. आधी फुलाचा काढा, कारण स्तब्ध क्षण सांगून येत नाही.

प्रकाश

सूर्य समोर खाली असेल तर पाकळ्यांमधून उजेड आरपार येतो आणि फूल आतून पेटल्यासारखं दिसतं. पातळ पाकळ्यांसाठी याला तोड नाही. पण आकाश खूप उजळ आणि सावल्या खूप गडद होतात. अशा वेळी दोन-दोन स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घेऊन ठेवा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे बघू नका, स्क्रीन वापरा.

बाजूचा प्रकाश वाळूच्या लहरी आणि पानांच्या शिरा उठवतो. पाठीमागचा सकाळचा प्रकाश रंग स्वच्छ देतो, पण तुमची लांब सावली फ्रेममध्ये येणार नाही हे बघा. ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. गडद जांभळ्या आणि गुलाबी फुलांचा खरा रंग मला बहुधा ढगाळ हवेतच मिळाला आहे. मात्र तेव्हा आकाश फ्रेममध्ये अगदी थोडंच ठेवा.

पोलरायझर पानांवरची आणि ओल्या खडकांवरची चमक काढतो, त्यामुळे हिरवा रंग खोल होतो. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त असतो. फार वाइड लेन्सवर आकाशाचा एकच भाग गडद निळा होऊन डाग पडल्यासारखा दिसतो, तेव्हा तो थोडा उलटा फिरवा किंवा काढून टाका.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघताना लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे दिसतील असा पर्याय निवडा. गुलाबी-जांभळ्या फुलांत लाल रंग आधी उतू जातो, साध्या हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही, आणि पाकळी सपाट कागदासारखी दिसू लागते. शंका आली तर अर्धा स्टॉप कमी एक्स्पोजर द्या.

मोबाइल असेल तर

फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ येते. उंचीची वर सांगितलेली सगळी किमया फोनवर सहज साधते, खरं तर मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा सहज. मुख्य कॅमेरा वापरा. अनेक फोनमधला अल्ट्रावाइड जवळच्या फुलावर फोकस करू शकत नाही. फुलावर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं खाली ओढा. ग्रिड चालू ठेवा. रॉ फॉरमॅट (सेन्सरवरची कच्ची फाइल) असेल तर तोच निवडा.

एडिटिंग

लाइटरूम, मोफत मिळणारं डार्कटेबल, फोनवरचं स्नॅपसीड, काहीही चालेल. माझा क्रम सांगते.

आधी निवड. एकाच जागेचे चाळीस फोटो असतील तर त्यातून एकच घ्या. फूल रेखीव आहे ना, लाट योग्य ठिकाणी आहे ना, एवढं बघा. मग लेन्स करेक्शन, आणि त्यानंतरच क्षितिज सरळ करा. वाइड लेन्समुळे समुद्राची रेघ वाकलेली असते. ती आधी सरळ झाली नाही तर कितीही फिरवलं तरी एक बाजू उतरती वाटत राहते.

व्हाइट बॅलन्सला वेळ द्या. टेम्परेचरपेक्षा टिंटचा स्लायडर इथे जास्त महत्त्वाचा, कारण तो जरा सरकला की जांभळं फूल गुलाबी होतं, नाहीतर निळसर. आठवण ताजी असताना फुलाचा रंग शब्दांत लिहून ठेवायची सवय मला फार उपयोगी पडली. पहाटेचा फेस थोडा निळा असतो, त्याला शुभ्र करायला जाऊ नका. पहाट त्या निळाईतच असते.

नंतर हायलाइट्स खाली, शॅडोज थोड्या वर, आणि काळा रंग किंचित गडद, म्हणजे फोटोला बुड येतं. शॅडोज पूर्ण उघडल्या तर पानांखालची सावली जाते आणि फुलं वाळूवर ठेवल्यासारखी दिसतात.

आता खरं काम, आणि पुन्हा तोच मधला पट्टा. तीन मास्क करा, म्हणजे फोटोचा एकेक भाग निवडून फक्त त्यावर बदल करा. फुलावर एक लंबगोल मास्क, कडा खूप मऊ, एक्स्पोजर पाव ते एक तृतीयांश स्टॉप वर. आकाशावर ग्रेडियंट, थोडं खाली. आणि मधल्या जागेवर तिसरा: एक्स्पोजर किंचित कमी, कॉन्ट्रास्ट कमी, क्लॅरिटी कमी. मधली वाळू थोडी शांत झाली की नजर तिच्यावर अडखळत नाही. तिच्यातून जाणारी फांदी किंवा फेसाची रेघ मात्र बारीक ब्रशने हलकीच उजळा. मर्यादवेलीच्या त्या फोटोत मी फुलानंतर फक्त फांदीची वरची कड उजळली होती, बाकी वाळू तशीच मंद ठेवली.

रंगांत सगळ्यात आधी हिरव्याकडे बघा. कॅमेरा हिरवा रंग जरा भडक देतो आणि तो फुलाशी भांडतो. हिरव्याचं सॅच्युरेशन दहा-पंधराने कमी करा, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) थोडा खाली आणा. फूल न वाढवताही उठून दिसायला लागतं. फुलाचा रंग गडद करायचा असेल तर सॅच्युरेशन वाढवण्याऐवजी त्याच रंगाचा ल्युमिनन्स कमी करून बघा. धूसरपणा काढणारा डिहेझ फार जपून वापरा. लांबच्या कड्यावरची खारी धूसर हवा हीच फोटोतली खोली आहे. ती काढली तर कडा पुढे येऊन फुलाला चिकटतो.

साफसफाई करताना आकाशातले सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढा, लहान छिद्रावर ते हमखास दिसतात. प्लास्टिकचा तुकडा फ्रेममध्ये असेल तर तो जागेवरच उचललेला चांगला. किड्याने खाल्लेलं पान मी तसंच ठेवते. पानांवरचे वाळूचे कणही ठेवते, ते पुसले की फूल कुंडीतलं वाटतं. शार्पनिंग फक्त फूल आणि जवळच्या पानांवर; पाण्याला आणि आकाशाला लावलं तर नुसते दाणे वाढतात.

क्रॉप शेवटी. चारही कडा एकेक करून बघा: कुठे अर्धी कापलेली कळी आहे का, कोपऱ्यातून एखादं गवताचं पातं घुसलंय का. फोनवर बघणाऱ्यांसाठी ४:५ चा उभा क्रॉप या विषयाला छान बसतो, कारण खाली फूल, मध्ये वाट, वर समुद्र अशी रचना उभीच असते.

एक दिवस फाइल बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी ती अंगठ्याएवढी लहान करून बघा. एवढ्या आकारातही आधी फूल दिसलं आणि मग नजर पाण्याकडे गेली, तर एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगप्रणालीत), लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून सेव्ह करा. नजर आधी आकाशाकडे किंवा रिकाम्या वाळूकडे गेली, तर परत मधल्या मास्कपाशी जा आणि तो अजून थोडा शांत करा.